हळदीच्या मांडवातला पियानो

वैभवीच्या पहिल्या अल्बमचं नाव जिल्हाभर झालं आणि त्या दिवसापासून तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

लोकांना वाटायचं, पोरगी चढली. कामरगावची पोर स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते, पियानो वाजवत स्वतःच गाते, मोबाइलवर तिचा फोटो येतो. आणखी काय पाहिजे माणसाला? तिला पाहिजे होतं एवढंच, की आईने तिचं एक गाणं एकदा तरी धड ऐकावं.

ते गाणं म्हणजे ‘ये ना बाहेर’. वैभवी समोरच्या खोलीत कॅसिओचा कीबोर्ड घेऊन बसायची, तेव्हा तिची आई मनकर्णाबाई स्वयंपाकघरात पोळपाट पुढ्यात घेऊन ऐकत राहायच्या. बाहेर येऊन बसल्या असं कधी झालं नाही. पाहुणे असोत नसोत, त्या आपल्या आतच. त्या दाराआडच्या बाईला वैभवीने गाण्यात हाक मारली होती. अकोल्याच्या स्टुडिओत खरा पियानो हाताखाली आला, तेव्हा तिने ते इतकं संथ वाजवलं की रेकॉर्डिंगवाल्यालाही मध्ये बोलायचा धीर झाला नाही.

मग ते हसनैनच्या हाती लागलं. हसनैन हा वाशीमजवळच्या मालेगावचा डीजेवाला. त्याने कडवी उडवली, पियानो पुसून काढला, खाली धडाधड ढोल घातला आणि वैभवी जिथे श्वास घ्यायला थांबली होती, नेमक्या तिथे भसाड्या आवाजात ‘हसनैन डीजे, मालेगाव’ घुसवलं. इकडचे डीजेवाले आपल्या नावाचा शिक्का असा गाण्यातच मारतात. उरलं काय, तर ‘ये ना बाहेर, ये ना’. तेवढ्यावर मानोऱ्याच्या तांड्यांपासून वाशीमपर्यंत सगळ्या हळदी नाचल्या. अल्बम गाजला तो असा.

वैभवीने फोनवर त्याला चांगलंच झापलं होतं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमचं गानं लय भारी हाय, पन त्याच्यावर लोक झोपतेत. मी उठवलं त्यायले.”

वैभवीने फोन कट केला.

चुलतबहीण निकिताच्या हळदीला मात्र तिने हट्टच धरला. डीजे अर्थातच हसनैनचा होता. वैभवीने कॅसिओ मांडवात नेला, त्याच्याच स्पीकरला वायर जोडून घेतली आणि म्हणाली, “आज खरं गानं ऐकवतो मी. आई, तू समोर बस.”

पहिलं कडवं संपेस्तोवर बाया आपसात बोलायला लागल्या. दुसऱ्याला नवरीचा बाप, इंद्रभानकाका, जवळ येऊन वाकला. “पोरी, चांगलं हाय, पन हळद हाय ना आज. नाचाचं लाव.”

वैभवीने ऐकलंच नाही असं दाखवून वाजवणं चालू ठेवलं. तेव्हा समोरून मनकर्णाबाईच उठल्या, हसनैनपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “बापू, तुह्यावालं लाव.”

ढोल दणाणला. वैभवीला असा संताप आला, की कॅसिओ उचलून विहिरीत टाकावा. आणि मांडवाच्या मधोमध, कोपरापर्यंत हळद माखून, पदर खोचून, तिची आई नाचत होती.

गाणं संपल्यावर वैभवीने तिला आडोशाला ओढलं. तिचे डोळे भरून आले होते. “आई, ते गानं तुह्यावर हाय. कडवे ऐकले असते तं समजलं असतं तुले.”

“ठाव हाय मले. मोबाइलवर सारं ऐकलं, कवाचंच. त्यातला पोयपाट बी ऐकला.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तू इचारलं कवा? तू तं हसनैनसंग भांडून राह्यली होती.” मनकर्णाबाईंना धाप लागली होती. “त्या पियानोवर मले रडू येते. मंग अजूनच आत बसावं वाटते. याच्यावर पाय हालले. बाहेर ये म्हनलं तू, आलो ना मी? आता तूच काहून कोपऱ्यात?”

मांडवात हसनैनने पुन्हा तेच गाणं लावलं. श्वासाच्या जागी त्याचं नाव ओरडलं गेलं आणि वैभवीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. आईने धरलेला हात मात्र तिने सोडवून घेतला नाही.