कचऱ्याची पंगत

मी एक अस्वलीण बोलतेय. कानात केशरी बिल्ला आणि मागे एक पिल्लू. ते मागे आहे ना, हे दर चार पावलांनी वळून पाहते. जरा जास्तच पाहते, कबूल.

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या सरकारी रानात माझा जन्म झाला. शाळा म्हणजे हॉटेलमागचा खड्डा. रोज संध्याकाळी ट्रक खरकटं ओतायचा, समोर बाकांवर माणसं पोराबाळांसकट बसायची आणि वनरक्षक हॉलिस त्यांना आमची ओळख करून द्यायचा. डबा कसा फोडायचा, हे आईनं मला शिकवलं. मुळं उकरायला नाही शिकवलं. तिला तरी कुठे येत होतं?

मग एका उन्हाळ्यात ट्रक आलाच नाही. खड्डा बुजवला, बाक उचलून नेले. अस्वलांनी आता अस्वलांसारखं जगायचं, असं ठरलं होतं म्हणे. ठरलं ते चांगलंच असेल. पण पिल्लू भुकेलं होतं. मी वासावर माणसांच्या तंबूंकडे गेले.

गुंगीची सुई टोचली. अंग लुळं पडलं, कान मात्र जागे होते.

"हॉलिसकाका, कान धरा हिचा, बिल्ला ठोकतो," तरुण वनरक्षक मर्ल म्हणाला.

"अरे, मुठीएवढी होती तेव्हापासून ओळखतो हिला."

"ओळखीचा काय उपयोग? परत तंबूंत दिसली की गोळी. पिल्लू सोकावलं तर त्यालाही."

"गेल्या वर्षापर्यंत आपणच यांना खायला वाढत होतो की रे!"

"आता नाही वाढायचं. नियम बदललाय."

"बरं. हिला कळवलंस का?"

मर्ल हसला. हॉलिस नाही हसला.

दोन डोंगरांपलीकडे आम्हाला सोडलं. मी खरंच प्रयत्न केला. दगड उलटले. दुसऱ्या एका अस्वलिणीचं लांबून बघून मुळं उकरली, ती निघाली कडू. पिल्लू माझ्या तोंडाकडे बघत राहिलं, आई, नक्की हेच ना? मलाच नक्की नव्हतं. सहाव्या दिवशी पाय मागे वळले.

आत्ता मी तंबूंजवळच्या झुडपात आहे. पिल्लू पुढे गेलंय. एक चिमुरडी पावाचा तुकडा धरून "ये, ये" करतेय, तिची आई कॅमेरा शोधतेय.

बाई, पोरीचा हात मागे घ्या. भांडी बडवा, खडे मारा, घाबरवा त्याला. मला ते कधी जमलं नाही. मी बाहेर आले तर बंदूक येईल, म्हणून इथूनच विनवतेय. त्याच्या कानात अजून बिल्ला नाही. हाकला त्याला. माझ्याकडे हाकला.