भिमाजीचं बेट

"ह्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, आदीच सांगून ठेवतो," असं म्हणत हौशीरामानं अंगणातला पळसाच्या देठांचा भारा पायानं बाजूला सारला आणि त्या जागी ऐसपैस मांडी घातली.

दत्तोबानं भारा पुन्हा जवळ ओढला. तीनशे साठ देठ मोजायचे होते. दोनशे बारावर आला होता, तेवढ्यात हा आला.

"भाऊ, पुरान मागनं. माझी मोजनी चुकली."

"बरं झालं चुकली. जित्या मानसाची हाडं मोजत हुतास."

दत्तोबाचा हात थांबला. ओसरीवर बसलेल्या दिगंबरभटांनी पंचांगातून मान वर केली. वडगावाहून ते सकाळच्या गाडीनं आले होते, आणि उद्याचा विधी उरकून त्यांना उद्याच परतायचं होतं. बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, अग्नी द्यायचा, आणि दहा दिवस सुतक पाळून घरानं मोकळं व्हायचं, अशी रीत होती. दत्तोबाचा थोरला भाऊ भिमाजी जर्मनच्या लढाईत खेचरं हाकायला म्हणून गेला, त्याला या माघात बारा वर्षं पुरी झाली होती. उद्या सकाळी इंद्रायणीच्या काठी तो जळायचा होता.

दत्तोबाचं तरी काय चुकत होतं? त्याच्या पोरीची सोयरीक दोनदा मोडली होती. ज्या घरातला माणूस ना मेला ना जगला, त्या घरात आम्ही अक्षता टाकत नाही, असं दोन्ही वेळा पाव्हणे सांगून गेले होते.

दारात झुंबरबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. भिमाजीची बायको. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. उद्या दुपारपर्यंत हे दोन्ही जायचं होतं, आणि गेल्या आठ दिवसांत या बाईला कुणी बरं-वाईट विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ती काही बोलली असती असं नाही. बारा वर्षं ती अशीच होती. लावणीला आली तर लावणी करी, मयतीला गेली तर मयतीला बसे. दोन्हीकडं चेहरा एकच. सुपाचा आवाज मात्र एका ठेक्यात चालू होता.

"कशावरून जिवंत?" भटजींनी विचारलं.

"डोळ्यांनी बघितला म्हनून."

"केव्हा?"

हौशीरामानं चंची सोडली. पान, चुना, सुपारी. घाई नव्हती. अख्ख्या वराळ्यात त्याच्याइतकं खोटं कुणी बोलत नसे आणि त्याच्याइतकं ऐकायलाही लोक दुसऱ्या कुणाकडं जात नसत. वाघानं त्याला खंडाळ्याच्या घाटात वाट विचारली होती. वलवणचं धरण बांधताना त्याच्या एकट्याच्या पाटीनं म्हणे चौथाई माती पडली होती. पण भिमाजीबरोबर तो एकाच बोटीत चढला होता, आणि लढाई संपल्यावर एकटा परत आला होता, हे दोन्ही खरं होतं. परतल्यावर 'भिमाजी कुटं?' या प्रश्नाला त्यानं 'एका बंदरावर उतारला, यील' एवढंच उत्तर दिलं होतं. मग दरसाल त्या बंदराला एकेक गोष्ट चिकटत गेली.

"केव्हा ते नीट सांगा," भटजी म्हणाले. "शेवटची खबर ज्या दिवसाची, तिथून बारा वर्षं धरायची. मागाहून कुणी त्याला पाहिलं असेल, तर गणना तिथून."

हौशीराम याच्यासाठीच आला होता.

"एकुनीस साली. शिमग्याच्या सुमारास. परतीच्या वाटंवर."

भटजींनी बोटं मोजली. "म्हणजे अजून दोन वर्षं."

"लबाड हाय ह्यो!" दत्तोबा ओरडला. "आबा, सांगा ह्याला काय तरी!"

खाटेवरचे अंबाजीआबा, भिमाजीचे वडील, कानाला हात लावून पुढं सरकले. त्यांना निम्मं ऐकू येई आणि त्या निम्म्यातलं त्यांना लय आवडे.

"सांगू दे त्याला. बोटीचं सांग रं."

मग हौशीरामानं सांगितलं.

"मुंबईच्या धक्क्यावरनं सुटलो, आबा. तुमी म्हनाल पानी म्हंजे काय, वलवणच्या धरनाएवडं. धरनाचा पलीकडचा काठ दिसतू. तितं चौदा दिस काठच न्हाई. एडन म्हनून बंदर लागलं. गवताची काडी न्हाई, पानी इकत. मग सुएझ. दोन्ही अंगांनी वाळू आन मधनं बोट चाललीया, पाटातनं हत्ती चालल्यावानी. मग शिकंदर बादशाचं बंदर. दोन हजार वर्साचं म्हनं. आन त्याच्या फुडं बेटं. निळ्या पान्यात पांडरी घरं, चुन्याची बोटं उमटल्यावानी. एका बेटावर जुनं बंदर पान्यात बुडालेलं. आपल्या कार्ल्याच्या लेन्यातलं खांब कुनी उपटून दर्यात रवल्यागत खांब हुबं. त्यांच्यामधनं मासळी फिरतीया, बाया बाजारातनं फिरल्यावानी."

"आन ऊन?" आबांनी विचारलं. ही गोष्ट त्यांना पाठ होती.

"ऊन असं आबा, अंगाला लागतं पन भाजत न्हाई. दुपारचं मानसं द्राक्षाच्या मांडवाखाली निजत्यात."

"भात हुतो का तितं?"

"भात न्हाई हुत."

"मंग भिमा खातो काय?"

अंगणातले चारदोन जण हसले. हौशीरामानं पान दुसऱ्या गालात सारलं. "त्यानं केला की भात. आंबेमोहोराचं मूठभर बी कमरंला बांदून नेलं हुतं त्यानं. वढ्याच्या काठाला वाफा पाडला. सगळं बेट वासाला गोळा झालं."

आबा खाटेवर मागं टेकले. डोळे मिटले. त्यांचं समाधान झालं होतं.

हौशीराम बोलत होता आणि बोलताना त्याला सगळं दिसत होतं. गंमत अशी, की प्रत्यक्षात त्याला यातलं काही दिसलं नव्हतं. म्हणजे बंदरं होती, बेटं होती, खांबही होते. बोटीच्या कठड्याला टेकून त्यानं ते सगळं बघितलं होतं, भिंतीकडं बघावं तसं. ऊन होतं, पण लागत नव्हतं. शेजारचे खेचरवाले एकमेकांना बोटं दाखवून ओरडत होते, आणि तो कठड्याच्या लोखंडावरचा गंज नखानं काढत होता.

कारण मुंबई सोडल्याच्या चौथ्या दिवशी, एडन यायच्या आधी, भिमाजी मेला होता. तीन दिवस तो खाली खेचरांमध्ये बसून होता. खाल्लं नाही, बोलला नाही. हौशीरामाला वाटलं, बोट लागलीय. तिसऱ्या रात्री अंगात ताप भरला. सकाळी दोन शिपायांनी त्याला घोंगडीत शिवलं, पायाशी लोखंड बांधलं आणि फळीवरून सोडलं. पाण्याचा आवाजसुद्धा नीट आला नाही, खाली खेचरं खिंकाळत होती. दोघांनीही भरतीच्या वेळी गावं भलतीच सांगितली होती. वराळ्यात त्या साली प्लेगचे उंदीर पडले होते, सगळं गाव माळावर खोपी घालून राहत होतं, आणि गाठीच्या रोगाच्या गावचा माणूस भरतीत घेत नसत. त्यामुळं सरकारचं पत्र कुठल्या गावाला गेलं असेल ते असो, वराळ्याला आलं नाही. भिमाजी मेला हे वराळ्यात एकट्या हौशीरामाला माहीत होतं.

परत आला तेव्हा तो ते सांगणारच होता. वेशीत झुंबरबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. कपाळावर कुंकू होतं. तिनं विचारलंसुद्धा नाही, नुसतं बघितलं. आणि त्याच्या तोंडून बंदर निघालं. बंदराला ऊन निघालं, उन्हाला मांडव निघाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ती बेटं दिसली.

"मग परत का नाही आला?" भटजींचा आवाज. "घर आहे, बायको आहे. सुखाचं बेट असलं म्हणून काय झालं?"

"कसा येनार? एक खेचर सुटलं, त्याच्या मागं ह्यो उतारला, बोट गेली निघून. आन कागदावर गाव चुकीचं. वळखायचं कुनी? परतीला आमची बोट पान्यासाठी थांबली तवा काठावर हुबा. काळा पडला हुता. म्हनला, हौशीरामा, यतो म्हनून सांग."

"बघा, बघा!" दत्तोबा उठला. "धा वर्सांत हे आज निगतंय. आजपर्यंत परतीच्या भेटीचं कदी बोललास? भटजीबुवा, मानूस खोटं बोलतोय. माझ्या पोरीच्या गळ्यात माळ पडू द्यायची न्हाई ह्याला."

"तुझ्या पोरीला मी आडवा न्हाई, दत्तोबा. दोन वर्सं थांब म्हनतो."

"ती बावीस वर्सांची होतीया तवर!"

भटजींनी पंचांग मिटलं. "वाद नको. भाऊ, खूण सांगा. घरच्या माणसाला पटेल अशी. असेल तर उद्याचं मी थांबवतो. नसेल तर पुतळा बांधायला घ्या."

सूप चालू होतं. हौशीरामानं पान थुंकलं, मिशी पुसली. खोटं बोलणाऱ्याला एक कळतं, जे खरं बोलणाऱ्याला कधी कळत नाही: माणसाला काय माहीत आहे यापेक्षा काय माहीत नाही यावर गोष्ट उभी राहते. भिमाजीची एकुलती पोर, रतन, तीन वर्षांची. त्या खोपीच्या दिवसांत तिला मामाकडं धाडली होती, आणि भिमाजी गेल्यावर महिन्याभरानं ती तिकडंच वारली, हे झुंबरबाईनंच तेव्हा सांगितलं होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक. ठाऊक नसणार ते एकट्या भिमाजीला. मग दूर बेटावर उभा असलेला बाप काय विचारील? हौशीरामाचा आवाज आपोआप खाली आला. इतकी चांगली खूण त्याला आयुष्यात सुचली नव्हती.

"पोरीचं इचारलं त्यानं," तो म्हणाला. "बोट सुटली तरी काठानं धावत हुता. म्हनला, माझी रतन केवडी झाली रं? मामाकडनं आनली का घरी? आता पळत असंल. हातात पवळ्याची माळ हुती, तिच्यासाठी ववलेली. मला म्हनला, घिऊन जा. मी हात लांब केला, पन पानी मधी आलं."

एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. दत्तोबा मटकन खाली बसला. त्याचा मोठा भाऊ पोरीला खांद्यावरून उतरू देत नसे, हे त्यालाही आठवलं असावं.

"पटतं," भटजी हळूच म्हणाले. "बाप असंच विचारील. झुंबरबाई, तुमचं काय म्हणणं?"

सुपाचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला ते हौशीरामाच्या ध्यानात आलं नाही. झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं, बोटाला चिकटलेले दोन तांदूळ परत सुपात टाकले आणि ती त्याच्याकडं बघत राहिली, वेशीत बघितलं होतं तशी नाही.

"खोटं बोलताय, भाऊ."

"काय खोटं, वैनी?"

"मामाकडं कुनी धाडली न्हवती तिला. गाठ आलती. कळलं असतं तर लोकांनी माळावरनं हाकललं असतं आमाला. ते भरतीला निगाले त्याच्या आदल्या दिवशी खोपीच्या मागं पुरली तिला. खड्डा त्यांनी केला, माती मी लोटली. ते कशाला इचारतील, केवडी झाली म्हनून?"