युनियनच्या ऑफिसातली लुकलुकती ट्यूब

मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. आणि मित्रांनो, छाती ठोकून सांगते, माझ्याखाली बसलेल्या माणसाला मी आजवर कधी अंधारात ठेवलं ना...

माफ करा. विझले होते. हां, आले परत.

तर मी राहते आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात, इलेक्ट्रिशियन लोकांच्या युनियनच्या ऑफिसात. खाली चिप्सचं दुकान, वर आम्ही. मराठी मला इथल्या एका सभासदाने, विक्रांतने शिकवली. म्हणजे त्याने शिकवली नाही, तो माझ्याखाली बसून घरच्यांशी स्पीकरवर बोलायचा आणि मला दुसरं काम नव्हतं. त्यामुळे माझ्या मराठीत जरा खरखर आली असेल तर फोनला बोल लावा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आतून पांढरी पावडर, पोटात जरासा वायू, दोन्ही टोकांना पिना. पुठ्ठ्याच्या नळीत घालून मला इथं आणलं. छताच्या पट्टीवर चढवलं त्या दिवशी तेव्हाचे सेक्रेटरी टोपी काढून वर बघत म्हणाले होते, "आता कसं ऑफिससारखं दिसतंय!" ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय, कारण त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी वर बघितलंच नाही. संपाचे फलक माझ्या उजेडात रंगले. मंदी आली, अर्धं ऑफिस ऑस्ट्रेलियाला गेलं, तेव्हा मी रिकाम्या खुर्च्यांवरसुद्धा तेवढाच उजेड पाडला. मग डेटा सेंटरं आली, माणसं परत आली. आणि मागच्या ख्रिसमसच्या आधी कधीतरी माझा एका बाजूचा होल्डर सैल झाला. तेव्हापासून मी लुकलुकते. पेटले की वाटतं आता टिकेन, आणि वाटलं रे वाटलं की विझते.

तुम्ही म्हणाल, खोलीभर इलेक्ट्रिशियन बसलेत, त्यात काय एवढं? मित्रांनो, तिथंच तर घोडं अडलंय.

या युनियनची पद्धत अशी. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांची नावं एका लोखंडी फळ्यावर, लोहचुंबकाच्या पट्ट्यांवर. ठेकेदाराला माणूस हवा असला की तो इथं फोन करतो. डेक्लन, म्हणजे आमचा ऑफिसातला गोल चेहऱ्याचा अधिकारी, सगळ्यात वरची पट्टी बघतो, त्या माणसाला चिठ्ठी देतो आणि धाडतो. पट्टी जाते तळाला. काम नाकारलं तरी तळाला. वशिला नाही, पुढेपुढे करणं नाही, सगळ्यांना सारखी पाळी. चांगली पद्धत आहे. फक्त पाळीशिवाय कुणी पक्कड उचलायची नाही, फुकट तर मुळीच नाही, कारण ते दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं झालं. मग मला हात कोण लावणार? डेक्लनने घरमालकाला कळवलं. घरमालक बघतो म्हणाला. तोवर आमच्या सभासदांनी उपाय शोधला: कुणी टोपी डोळ्यांवर ओढली, कुणी गॉगल लावला.

विक्रांतला मात्र काहीच जमायचं नाही. भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता तो. बायको रेवती सॉफ्टवेअरमध्ये, तिच्या नोकरीमुळे दोघं इकडे आले. याने इथली कागदपत्रं केली, परीक्षा दिली, युनियनचं कार्ड काढलं, आणि तेव्हापासून माझ्याखाली बसला. माझ्याकडे बघायचा, हात शिवशिवायचे, हात मांडीखाली घालून बसायचा. मी लुकलुकले की याचा पाय हलायचा. मी थांबले की पाय थांबायचा. आमचं असं चालायचं.

फळ्यावरची त्याची पट्टी चढत चढत एकदाची सगळ्यात वर आली. एनिस नावाच्या गावात हॉस्पिटलचं मोठं काम निघणार, चांगलं लांबलचक, अशी कुजबुज होती. त्याच दिवशी विक्रांतबरोबर त्याच्या सासूबाई आल्या. अलकनंदाबाई, नागपूरच्या. लेकीकडे राहायला आल्या होत्या. हातात लांब दांड्याची छत्री, चेहऱ्यावर संशय.

"हे तुमचं ऑफिस?" त्यांनी खुर्चीवरची धूळ झटकली. "आणि तुम्ही रोज इथं येऊन करून काय राहिले?"

"पाळीची वाट बघतो, आई."

"मी पाहून राहिली ना महिन्याभरापासून. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जाता, संध्याकाळी तोच शर्ट जसाच्या तसा घेऊन येता. एक डाग नाही! असा कुठं इलेक्ट्रिशियन राहते का? मी रेवतीला म्हटलं, हा माणूस बागेत बसून येते."

"अहो आई, पद्धत आहे इथली." विक्रांतने फळा दाखवला, पट्टी दाखवली, सगळं समजावलं.

बाईंनी मान वर केली. मित्रांनो, एक विक्रांत सोडला तर सेक्रेटरींच्या टोपीनंतर माझ्याकडे मान वर करणाऱ्या त्या पहिल्याच.

"आणि हे काय आहे? इतके पंडित खाली बसले, आणि डोक्यावर ही डोळे मारून राहिली!"

मी शरमेने विझले. तेवढ्यात फोन वाजला.

खोलीतले सगळे पाय एकदम थांबले. डेक्लन इंग्रजीत बोलतो, मी तुम्हाला मराठीत सांगते; फक्त त्याचं 'ग्रँड' तसंच ठेवते, इथं 'छान, ठीक' अशा सगळ्याला तेच म्हणतात. "हो. एकच माणूस? हो, आहे ना. लाइटची दुरुस्ती. आजच. ग्रँड, ग्रँड. पत्ता?" पत्ता लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "हा... हा इथलाच पत्ता आहे."

घरमालकाने अखेर ठेकेदाराला सांगितलं होतं. ठेकेदाराकडे मोकळा माणूस नव्हता. म्हणून त्याने युनियनकडे मागितला.

खोलीत हशा पिकला. विक्रांतला हसू येईना. इतके महिने थांबून पाळी आली ती एका ट्यूबची! घेतली तर पट्टी तळाला, हॉस्पिटल गेलं. नाकारली तरी पट्टी तळाला. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्या शर्टाकडे बघत होत्या.

"घेतो," तो म्हणाला.

"मग चढा की खुर्चीवर!" बाई म्हणाल्या.

"असं नाही आई. आधी पोर्टलीशला जायचं, ठेकेदाराच्या ऑफिसात. तिथं नाव नोंदवायचं, शिडीवर कसं चढायचं त्याचा व्हिडिओ बघायचा, जाकीट घ्यायचं. मग त्यांच्या व्हॅनने इथं."

"कुठं आहे ते?"

"डब्लिनच्याही पलीकडे."

"इथून तिथं जाऊन परत इथंच?"

"हो."

"बाप्पा!" म्हणून बाईंनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "या तुम्ही. मी इथंच बसून राहते. पाहतेच."

विक्रांत गेला. दुपार सरकेना. बाईंनी डबा उघडला, डेक्लनला थालीपीठ दिलं. तो प्रत्येक घासाला "ग्रँड" म्हणाला, ठसका लागला तरी म्हणाला. मी लुकलुकत होते. बाई एकदा माझ्याकडे बघायच्या, एकदा दाराकडे. शेवटी त्यांना राहवेना. त्या उठल्या, खुर्चीवर चढल्या आणि आपल्याकडे घरोघरी करतात तेच त्यांनी केलं. छत्रीचं टोक माझ्या कडेला लावलं आणि मला एक पिळा दिला.

आणि मी लागले! स्थिर! किती दिवसांनी मी ती खोली सलग पाहिली. कोपऱ्यातली जळमटं, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, गॉगल काढून डोळे चोळणारी माणसं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, हाच तो क्षण, यासाठीच माझा जन्म.

डेक्लनने मात्र टाळी वाजवली नाही. बाईंना त्याचं बोलणं कळेना, म्हणून तो फळ्याशी गेला. विक्रांतची पट्टी वरून काढली, अगदी तळाला चिकटवली. मग माझ्याकडे बोट केलं आणि दोन्ही हात झटकले. काम नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर विक्रांत तळाला, आणि हातात काही नाही.

बाईंना शब्द न कळता सगळं कळलं. "अगं बाई! माझ्याच हातानं!" आणि मला परत सैल करायला त्या छत्री घेऊन पुन्हा खुर्चीवर. खुर्ची डगमगायला लागली. डेक्लनने खुर्चीचे पाय मिठीत घेतले आणि डोळे मिटून घेतले. आपण फक्त टेकलोय, बाकी काही पाहिलं नाही, असं त्याने सगळ्यांना दोनदा सांगितलं.

पण मी हलेना! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नीट बसले होते. बाईंनी ढोसलं, पिळलं, शेवटी ठोसा दिला. मी लख्ख. "अरे, कोणी तरी मदत करा!" त्या मराठीतच ओरडल्या, आणि ते सगळ्यांना कळलं. एक मुरलेला सभासद खेदाने मान हलवत म्हणाला, "बिघडवणं हेसुद्धा इलेक्ट्रिशियनचंच काम आहे. आमची पाळी नाही."

खाली व्हॅनचं दार आपटलं. जिन्यात बूट वाजले.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या जिवाची काय घालमेल झाली म्हणून सांगू! इकडे इतक्या दिवसांनी मिळालेला उजेड, तिकडे तो मांडीखाली हात घालून बसणारा माणूस. दाराची मूठ फिरली. आणि मी विझले. पेटले. विझले. हे मी मुद्दाम केलं. तुम्ही स्टार्टरला काही विचारू नका.

दारात ठेकेदाराची मुकादम ओर्ला, मागे पिवळ्या जाकिटातला विक्रांत. समोर खुर्चीवर उघडबंद होणाऱ्या उजेडात छत्री उगारलेल्या बाई आणि त्यांच्या पायाशी डेक्लन.

"छत गळतंय का?" ओर्लाने विचारलं.

"ग्रँड," डेक्लन खालूनच म्हणाला. "सगळं ग्रँड आहे."

मग विक्रांतने काम केलं. मेन बंद केला, मीटर लावून तपासलं, मला अलगद उतरवून टेबलावर झोपवलं. होल्डर बदलला, स्टार्टर बदलला, वायरी घट्ट केल्या. खाली सगळे पंडित उभे राहून सल्ले देत होते, पण त्याला ऐकू येत नव्हतं. त्याचे पाय स्थिर होते. छताच्या पट्टीतली सगळी जुनी धूळ त्याच्या शर्टावर पडली.

"आता कसे जावई दिसून राहिले!" बाईंनी डोळे पुसले.

विक्रांतने मला परत चढवलं, ओर्लाने मेन चालू केला आणि मी लख्ख लागले. "तुझा हात चांगला आहे," ती म्हणाली. "एनिसच्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडेच आलंय. माझ्याकडे आलेला माणूस मी ठेवून घेऊ शकते. सोमवारी येशील?" डेक्लनने मान डोलावली, नियमात बसत होतं. विक्रांतने 'हो' म्हणायच्या आधी रेवतीला फोन लावला, आणि हॉस्पिटलपासून ट्यूबपर्यंत सगळं उलटसुलट सांगितलं.

"किती लांब आहे हे एनिस?" बाईंनी विचारलं.

"देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आई. तिथंच खोली घ्यावी लागेल."

"जा मग! शर्ट मात्र पांढरा नका नेऊ."

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. वर्षातून एकदा तरी मान वर करून डोक्यावरच्या दिव्याकडे बघा. बिचारा बोलत नाही, नुसता लुकलुकतो. आणि खुर्चीत बसलेला एखादा माणूस सारखा पाय हलवत असेल तर त्याच्याकडेही बघा. त्याच्यात बिघाड नसतो. तो नुसता सैल झालेला असतो, त्याला कुणीतरी नीट जागेवर बसवायला हवं असतं.

ओर्ला आणि विक्रांत जिना उतरायला लागले. अलकनंदाबाई मागे राहिल्या होत्या. जावयाचं काम किती पक्कं झालंय ते त्यांना डेक्लनला दाखवायचं होतं. "पहा, आता हलतही नाही," म्हणून त्यांनी छत्रीने मला ढोसलं. मला धरून ठेवणारा नवीन होल्डरचा कान तुटला. मी विझले. पेटले. विझले.

डेक्लनने जिन्यात जाऊन ओर्लाला विचारलं, माणूस जरा वर पाठवतेस का. ओर्ला म्हणाली, विक्रांत आता एनिसच्या कामावर आहे, या कामाला दुसरा मागवावा लागेल. तिने तिथंच उभं राहून फोन लावला. वर डेक्लनच्या टेबलावरचा फोन वाजला.