रविवारी सात वाजता, अल्काच्या चॅनलवर

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्यासोबत एका खोलीत या. खोली गोरेगावातली आहे. मुंबईचं गोरेगाव नव्हे, आपल्या गोंदिया जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं. साल दोन हजार सहा. भिंतीला निळी चादर ठोकलेली आहे, चादरीपुढे खुर्ची आणि खुर्चीत अल्का. तिच्यासमोर तीन पायांवर कॅमेरा. कॅमेऱ्यामागे स्टुलावर उभी तिची मुलगी मोनाली, पाचवीत शिकणारी. आणि दारापाशी पांढऱ्या सफारीतले भैयाजी. सातला वीस मिनिटं कमी आहेत.

"कॅमेरेवाला कुठं आहे?" भैयाजींनी विचारलं.

"हेच पोरगी धरते," अल्का म्हणाली.

"ये बच्ची?" भैयाजी हसले. "चला, अच्छा है. बाहेरचा माणूस नको." मग त्यांनी मोनालीकडे पुन्हा पाहिलं नाही.

भैयाजी इथे का आले, ते आधी सांगतो.

गोरेगावात केबल आणली ती अल्काच्या नवऱ्याने, रत्नपालने. तो तापाने गेला तेव्हा लोक म्हणाले, "बाईमाणसाचं काम नाही, विकून टाक." दुसऱ्या दिवशी अल्काने पदर खोचला, शिडी उचलली आणि बसस्टँडमागची तुटलेली वायर स्वतः जोडली. खाली माणसं जमली होती. कोणी शिडी धरली नाही. पडली तर बघायला मात्र सगळे थांबले. ती पडली नाही.

बाहेरची चॅनलं सगळ्यांच्याच घरी यायची. अल्काने त्यातलं एक चॅनल गावासाठी ठेवलं. त्यावर धानाचे भाव सांगायचे, हरवलेल्या गाईचा रंग सांगायचा, दहावीचा निकाल वाचायचा. आणि दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तिची स्वतःची मालिका, 'धुरपताचा फळा'.

धुरपता चहावाली. तिला वर्तमानपत्र काढायचं होतं, पण छापखाना कुठून आणणार? म्हणून तिने टपरीच्या भिंतीवर फळा टांगला. सकाळी ती खडूने बातमी लिहायची आणि दुपारपर्यंत ज्याची बातमी असेल तो माणूस ओलं फडकं घेऊन फळा पुसायला हजर. रोज नवा माणूस, नवं भांडण. धुरपता झाल्या होत्या लीलाबाई. त्या बाजारात सुकट विकायच्या. त्यांना माइक लागत नसे. लिहायची अल्का, चित्रण करायची मोनाली, आणि सात वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे.

मागच्या रविवारी धुरपताने लिहिलं, "टाकी झाली. रंग झाला. नारळ फुटला. पाणी तेवढं यायचं आहे."

गोरेगावच्या वरच्या आळीत अशीच एक टाकी उभी होती. ती भैयाजींनी बांधली होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्याखालून जाणारा प्रत्येक माणूस वर बघून हसू लागला. शाळेतली पोरं तर रांगेत उभी राहून "पाणी तेवढं यायचं आहे" म्हणायची. कोणी शिव्या दिल्या असत्या तर भैयाजींनी त्या पचवल्या असत्या. पण लोक हसत होते, आणि हसणाऱ्यांवर तक्रार कुठे करायची?

आता खरी अडचण ऐका. भैयाजींची धानाची गिरणी होती आणि अल्काची मुख्य वायर त्या गिरणीच्या छतावरून जात होती. रत्नपालच्या काळात भैयाजींनीच "खुशाल टाका" म्हटलं होतं. गावातली अर्ध्याहून जास्त घरं गिरणीच्या पलीकडे होती. दुसऱ्या वाटेने वायर न्यायची तर ग्रामपंचायतीची परवानगी लागे, आणि ग्रामपंचायत भैयाजींच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यांच्या पुतण्याने, दुर्गेशने, तर स्वतःच्या नव्या केबलचे खांबसुद्धा आणून ठेवले होते.

म्हणून या रविवारी भैयाजी माफीनाम्याचा कागद घेऊन आले. "सात वाजता हे वाचायचं, लाइव्ह. फळा आजपासून बंद. नाहीतर..." त्यांनी हातातला मोबाइल दाखवला. "दुर्गेश गिरणीवर बसला आहे, वायर कापायची पकड घेऊन. मेरे एक फोन की देर है."

तेवढ्यात लीलाबाई आल्या. हिरवं लुगडं, कानामागे खडू. धुरपता बनूनच आल्या होत्या.

"हे का होऊन राहिलं वं अल्का?"

"आज फळा नाई, लीलाबाई. मी माफी मागून राहिली."

लीलाबाईंनी आधी कागद पाहिला, मग भैयाजींना. "भैयाजी, येवढा कागद लिवाले जेवढा टाइम गेला, तेवढ्यात टाकीत दोन घागरी पानी टाकून झालं असतं जी."

"बाई, तोंड सांभाळ."

"तोंडावरच तं पोट हाय माजं! वरडल्याबिगर सुकट विकते का?"

"लीलाबाई, तुमी घरी जा," अल्का हळूच म्हणाली.

"तू वाचशील?"

"वाचतो."

"काऊन पन? खोटं का लिवलं होतं तू?"

"गिरणीपल्याडची घरं गेली तं चॅनल बंद, केबल बंद. मंग मी पोरगीले का वायर खाऊ घालू? तुमी सांगा."

लीलाबाईंनी कानामागचा खडू काढला, मुठीत धरला आणि निघून गेल्या.

मोनालीने सगळं ऐकलं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली गिरणीपलीकडे राहायच्या. वायर तुटली तर उद्या शाळेत काय होईल, आणि घरात काय होईल, हे दोन्ही तिला कळत होतं. पाचवीतल्या मुलीला काही कळत नाही, असं फक्त मोठ्यांना वाटतं.

सात वाजले. तिने बटण दाबलं. कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला आणि गोरेगावातल्या साऱ्या टीव्हींवर अल्काचा चेहरा आला. भैयाजी कॅमेऱ्याच्या बाजूला, भिंतीला टेकून उभे राहिले. मोबाइल कानाला, डोळे अल्कावर.

"मी, अल्का रत्नपाल रामटेके, समस्त गोरेगाववासीयांना कळवते की," अल्का वाचू लागली, "आमच्या कार्यक्रमातून पाण्याच्या टाकीबाबत... पाण्याच्या टाकीबाबत..."

पुढचा शब्द 'खोटी' होता. अल्का परत ओळीच्या सुरुवातीला गेली. खांबावर चढतानाही मोनालीने आईला असं अडलेलं पाहिलं नव्हतं.

भैयाजींनी हवेत बोट फिरवलं. पुढे वाच.

"...खोटी माहिती देण्यात आली. त्याबद्दल मी माफी मागते."

"रुक, रुक," भैयाजी मोबाइलमध्ये कुजबुजले. "अभी मत काट. पढ रही है."

अल्काने पुढची ओळ घेतली. "हे निवेदन मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करीत..."

तेव्हा मोनालीने कॅमेरा वळवला.

झटका दिला नाही. हळू, अगदी हळू. साऱ्या गावाच्या टीव्हीवरून अल्काचा चेहरा सरकला, निळी चादर संपली, चुना उडालेली भिंत आली, आणि मग भैयाजी. कानाला मोबाइल, वर धरलेलं बोट. "हाँ, तू वहीं बैठ, पकड हाथ में रख," हे त्यांचं कुजबुजणं कॅमेऱ्याच्या माइकने जसंच्या तसं उचललं. त्यांना पत्ता नव्हता. खुर्चीत बसतो तोच टीव्हीवर दिसतो, असं ते समजत होते.

अल्काने मान वर केली. कॅमेऱ्याची काच आपल्याकडे नाही हे तिला दिसलं. ती कुठे वळली आहे, तेही दिसलं. तिने नुसती मान हलवली असती तरी मोनालीने कॅमेरा परत फिरवला असता. अजून वेळ होता.

अल्काने मान हलवली नाही. तिने कागद जवळ धरला आणि ते वाक्य पहिल्यापासून घेतलं, वर्गात फळ्यावरचा धडा वाचावा तसं, एकेक शब्द सुटा करून. "हे निवेदन. मी. स्वखुशीने. कोणाच्याही. दबावाशिवाय."

आणि मोनालीने? कॅमेरा होता तिथेच राहावा म्हणून तिने त्याचा स्क्रू घट्ट आवळला. मग ती स्टुलावरून उतरली, भैयाजींच्या समोरून चालत गेली आणि आईच्या खुर्चीला खेटून उभी राहिली.