बांडीला सांगितलेलं

बालाजीनं पिंजरा ओट्यावर ठेवला आणि दाराच्या कडीला तार गुंडाळून पक्कडीनं पीळ दिला. आत खार गरागरा फिरत होती. तिचं शेपूट अर्धंच होतं, त्यामुळं ही तीच का, हे विचारायची गरज नव्हती.

"सापडली एकदाची," तो आईला म्हणाला. "तीनदा वायर बदलली मोटारसायकलची. संध्याकाळी गोदावरीच्या पलीकडं नेऊन सोडतो."

"राहू दे की," पार्वतीबाई म्हणाली.

"तुला कामून पायजे ती?"

पार्वतीबाईकडे याचं उत्तर होतं, पण मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. "पाठीवर रामाची बोटं हायत तिच्या," ती एवढंच म्हणाली.

"म्हणून तर मारली न्हाई," बालाजी म्हणाला आणि दुकानाकडे निघून गेला.

सोनपेठच्या त्या घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हा लिंबाचं झाड पार्वतीबाईच्या अंगणात आलं आणि उन्हाची मोकळी जागा तिच्या धाकट्या जावेच्या, कमलबाईच्या वाट्याला गेली. वाटणीत भांडले ते भाऊ. पुढच्या पोळ्याच्या आत ते पुन्हा एका हॉटेलात चहा प्यायला लागले. जावांचं मात्र राहून गेलं. भांडणाच्या भरात कमलबाई 'मेले तरी तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई' असं बोलून बसली होती आणि पार्वतीबाई 'नको लावू' म्हणून मोकळी झाली होती. बायकांचा शब्द पुरुषांसारखा चहात विरघळत नाही.

मग ही खार आली. राहायची लिंबावर आणि जेवायची कमलबाईकडे. कमलबाईनं शेंगा वाळत घातल्या, की ही भिंतीवरून उतरलीच. मांजरानं तिचं अर्धं शेपूट नेलं, तेव्हा कमलबाईनंच तिचं नाव बांडी ठेवलं आणि एके दिवशी भिंतीकडे तोंड करून तिला झापलं, "तुज्या मालकिणीनं उपाशी ठेवलंय का गं तुला?"

खार परत लिंबावर आली, तेव्हा मालकीणही गप्प बसली नाही. "चार शेंगा काय खाल्ल्यास, गाव गोळा केला का गं तिनं?"

तेव्हापासून रोज सकाळी हे चालू होतं. दोघी एकमेकींवर खार खाऊन आहेत, असं गल्लीत सगळे म्हणायचे. खरं तर दोघींचं सगळं त्या खारीवरच चाललं होतं. नातीला दात आले, पापड बिघडले, गुडघे दुखायलेत, सगळं खारीला सांगून व्हायचं. शिव्या आधी, बातम्या मागून. कुणी विचारलं असतं, तर दोघींनीही छातीठोकपणे सांगितलं असतं, की आमचं बोलणं नाही.

परवा कमलबाईच्या दारात रिक्षा येऊन थांबली. छातीत कळ आली म्हणून तिला परभणीला नेलं. काल दिवेलागणीला रिक्षा परत आली, पण पलीकडून तिचा आवाज काही आला नाही. शेवटी पार्वतीबाईनं नवऱ्याला भावाकडे धाडलं. व्यंकटराव गेले, बसले, चहा पिऊन आले.

"बरी हाय म्हणं," त्यांनी सांगितलं.

"काय झाल्तं? डॉक्टर काय म्हणला?"

"ते न्हाई इचारलं."

तेवढ्या दोन शब्दांवर तिनं रात्र काढली होती.

आता कमलबाई अंगणात आली, तरी झापणार कुणाला? आणि झापायला कुणी नसलं, तर ती भिंतीशी कशाला थांबेल? पार्वतीबाई तारेला भिडली. पीळ बोटांनी सुटेना. पक्कड बालाजीबरोबर गेली होती. तिनं चुलीजवळचा चिमटा आणला, उलथन्याचं टोक घालून पाहिलं. खार तिच्या बोटाला चावली. तिला रडू आलं, आणि ते काही बोटासाठी नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग शेंगा पसरल्याची खरखर. मग खोकला. पार्वतीबाई हातातला चिमटा तसाच धरून बसून राहिली. खोकला कोरडा आहे, एवढं तिनं ऐकून ठेवलं. त्यानंतर बराच वेळ काही नाही. भिंतीवर कुणी नव्हतं, लिंबावर कुणी नव्हतं.

"आलीस का गं बांडे?" पलीकडून कमलबाई म्हणाली.

पार्वतीबाईनं पिंजऱ्याकडे पाहिलं. बांडी आतच होती.

"बस, बस. भिऊ नको." आवाज बारीक झाला होता, पण ठसका तोच होता. "मी न्हवते तर लय फावलं आसंल तुला. ती शेंग सोड, खवट हाय. ही घे." मध्ये ती थांबली, जणू खार शेंग सोलत होती आणि तेवढा वेळ तिला द्यायलाच हवा होता. "खाऊन झालं की सांग तुज्या मालकिणीला, काई निघालं न्हाई म्हणावं. एवढ्यात जात न्हाई म्हणावं मी."

आवाज ओळखून पिंजऱ्यातली खार चिरकायला लागली. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी. पार्वतीबाईनं घाईनं दोरीवरची गोधडी ओढली, पिंजऱ्यावर टाकली आणि तिच्या कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या. चिरकणं आत दबलं. मग ती भिंतीकडे तोंड करून, नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं म्हणाली,

"आलीस का खाऊन? काय म्हणली गं ती? असं अर्धवट नको, नीट सांग मला."

पलीकडे सूप भिंतीजवळ सरकल्याचा आवाज झाला.

"काय सांगू बाई," कमलबाई म्हणाली, आणि रिक्षात पाय ठेवला तिथपासून तिनं सुरुवात केली.