मिशीवाले आत बसलेत

दात

सापडलं होतं एवढंच: काही दात आणि जबड्याचा नखाएवढा तुकडा. बाकीचा प्राणी मी करायचा होता. संग्रहालयात माझं कामच ते, जे उरलं नाही ते उभं करायचं. हा डायनोसॉरच्या काळातला, मुठीत मावेल एवढा, किडे खाणारा केसाळ सस्तन प्राणी. मोठी मंडळी झोपली की बाहेर पडत असावा, असं म्हणतात. नव्या दालनात डायनोसॉरच्या पायाशी, काचेच्या पेटीत बसणार होता.

रंग

कुणालाच माहीत नाही. तपकिरी दिला. तक्रार करायला कुणी शिल्लक नाही.

शेपूट

वाकडं झालं. राहू दे.

पहिल्या मिशा

नायलॉनचा दोरा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "हा काय दात घासायचा ब्रश केलायस?"

दुसऱ्या मिशा

झाडूच्या काड्या. याबद्दल न बोललेलं बरं.

तिसऱ्या मिशा

रंगाच्या ब्रशाचे केस. इतके मऊ पडले, की प्राणी नुकताच आंघोळ करून आल्यासारखा.

"सोमवारी दालन उघडतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत हा जिवंत दिसला नाही, तर पेटी काढून टाकू. तसंही लोक डायनोसॉर बघायला येतात."

डायनोसॉर सगळ्या विभागाने मिळून केला होता. हा माझ्या एकटीचा. घरी गेले तरी जेवण जाईना.

टोक

मिशीचा केस मुळाशी जाड असतो आणि पुढे बारीक होत होत नाहीसा होतो. एकदा छाटला की ते टोक गेलं. परत वाढला तरी पुढून बोथटच. म्हणजे राठ हवा, वाकदार हवा आणि टोकाला कधीच कात्री न लागलेला हवा. हे मी रात्री ताटावर बसून आईला सांगत होते. सांगता सांगता आमच्या दोघींची नजर एकाच जागी गेली.

बाबा जेवत होते.

बाबा

जन्मभर शिंपी. हातात सदा कात्री, पण मिशीला कधी दाखवली नाही. गल्लीत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, "मिशीवाले कुठे राहतात?" विचारलं, की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवतं.

"काय बघताय गं दोघी?"

"कुठे काय," आई म्हणाली. "जेवा तुम्ही."

मी सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"माझ्या मिशा? उंदराला?"

"उंदीर नाही, बाबा. उंदरांच्याही कितीतरी आधीचा."

"म्हणजे वयाने मोठा."

"फारच."

बाबांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. मिशीला एक पीळ दिला. "एका बाजूच्या घे."

"आणि मी असल्या माणसाबरोबर बाहेर पडू?" आई म्हणाली. "द्यायच्या तर सगळ्या द्या. लग्नापासून तो ओठ बघायचा राहिलाय माझा."

बाबा उठले, स्वतःची कात्री घेऊन आरशासमोर गेले. मी पुढे झाले तर म्हणाले, "सर बाजूला. दुसऱ्याने बेतलेलं मला पटत नाही."

ओठ

आईला हसू आवरेना. "अगदीच लहान दिसता हो," म्हणाली आणि उगाचच पदर सारखा करायला लागली.

चौथ्या मिशा

सुईने भोक, डिंकाचा थेंब, एक केस. पुन्हा भोक. करड्या, राठ, टोकाला हवेत विरणाऱ्या.

शुक्रवारी मोठ्या बाई नाक लागेल इतक्या वाकल्या. आणि दचकून मागे सरल्या.

"हलला!"

"तुमच्या श्वासाने, बाई."

त्यांनी छातीवर हात ठेवला. पुन्हा वाकल्या, मुद्दाम हळूच फुंकर मारली. मिशा थरथरल्या. "काच बसव लगेच," त्या म्हणाल्या, "पळून जायच्या आत."

सोमवार

सगळी गर्दी डायनोसॉरभोवती, माना वर करून. पायाशी वाकून बघणारा माणूस एकच. त्याला कुणी ओळखत नव्हतं. शेजारचे काका त्याला धक्का देऊन पुढे गेले आणि मला म्हणाले, "काय गं, मिशीवाले नाही आले?"

बाबांनी मागूनच उत्तर दिलं. "आलेत की. आत बसलेत."

काका वळले. बाबांकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, परत बाबांकडे बघितलं. मग गुडघे धरून खाली वाकले. हे काय एवढं बघतात म्हणून मागे आणखी दोघी वाकल्या, त्यांच्यामागे अख्खं एक कुटुंब.

बाबांचा हात सवयीने वर गेला, ओठाच्या कडेला ऐटीत पीळ देऊन रिकामाच खाली आला.