रुखवत कुणी केलं?

साहेब, तुम्ही न बघताच छापलंत. तुमच्या हिमायतनगरच्या ऑफिसातून मिळालेल्या गुळगुळीत पत्रकावर ओळ आहे, ‘नवरीच्या घरच्या हातांनी घडलेलं रुखवत’. ते घरचे हात तुम्ही कधी पाहिलेत? मी रोज पाहतो. माझ्या थोरल्या बहिणीचे, इंदुताईचे आहेत. सकाळी आखडतात, गरम चहाचा कप धरला की सुटतात.

आमच्या पुतण्याची, अभिजीतची, मुलगी मेधा. तिचं लग्न ठरलं त्याच दिवशी ताईनं डबा उघडून सुपाऱ्या निवडायला घेतल्या. पन्नास वर्षं आमच्या घरातलं प्रत्येक रुखवत तिनंच मांडलं. सुपारीचे नवरा-नवरी, साखरेचं तुळशीवृंदावन, डाळींची सप्तपदी, शेवयांची बैलगाडी. पण अभिजीतची बायको प्रणिता आली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही आता आराम करा. रुखवत आउटसोर्स केलंय आम्ही."

"काय केलंय?"

"बाहेर दिलंय हो. कंपनी करते सगळं."

ती गेल्यावर ताईनं मला विचारलं, "हिम्मत, ते आउट काय म्हणाली रे ती?"

"आपलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि नाव आपलं लावायचं."

"मग तुझ्या दाजींनी जन्मभर दुसरं काय केलं?" असं म्हणून ताई हसली. पण सुपाऱ्यांचा डबा तिनं फळीवर पार मागे सरकवला. हात पोचू नये इतका.

दोन आठवड्यांनी बेगम बाजारातला ओमकार दारात. त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान, ताईच्या सुपाऱ्या तिथल्याच.

"मावशी, लई अर्जंट हाय. एका मराठी शादीचं रुखवत पायजे. कोठी बाजारच्या गिफ्टवाल्यानं काम घेतलं, त्याला जमेना, मला दिलं. मला तर रुखवत म्हणजे काय तेच मालूम नाही! पूऱ्या हैदराबादेत तुमच्याबिगर कोण करणार?"

"आणि कोठीवाल्याला कुणी दिलं?"

"हिमायतनगरची कंपनी हाय, बडे लोक. त्यांचं सब-कॉन्ट्रॅक्ट त्याला, त्याचं मला, माझं तुमाला. पण एक शर्त हाय. तुमचं नाव कुणालाच सांगायचं नक्को. कंपनीच्या डिझायनरनं केलं, असंच बोलायचं."

मोबाईलवर त्यानं यादी दाखवली. पाटीवर घालायची नावं सगळ्यात वर होती. मेधा आणि सुमित.

मी ओरडणारच होतो. ताईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "होईल म्हणून सांग त्यांना," ती ओमकारला म्हणाली. "आणि नाव नाही सांगत. शब्द दिला."

तो जिना उतरला तसा मी फोन उचलला. "प्रणिताला सांगतोच आता."

"खबरदार! सांगितलंस तर काम जाईल हातचं. मला पोरीचं रुखवत करायचंय. ते घरातून आलं काय नि बेगम बाजारातून आलं काय!"

पुढचे दहा दिवस डाळी चिकटवायचं सब-कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे होतं. दोनदा काम नापास झालं.

यादीत नसलेली एकच गोष्ट ताईनं घातली. सुपारीच्या बँडमध्ये, मान तिरकी करून मर्फा, आपला हैदराबादी शादीतला ढोल, बडवणारा एक बुटका. मेधा सहा वर्षांची असताना एका लग्नात रडली होती, "मर्फा नाही तर शादी कशाची?" तेव्हापासून ताईच्या बँडमध्ये तो बुटका ठरलेला.

लग्न नारायणगुड्याच्या हॉलमध्ये झालं. रुखवताच्या टेबलावर तुमच्या कंपनीची सोनेरी पाटी, शेजारी काळ्या कोटातली तुमच्या ऑफिसातली मुलगी. आमच्यात रिवाज आहे. वरमाय रुखवत बघते, "कुणी केलं?" विचारते आणि करणारीच्या हातावर पेढा ठेवते. विहीणबाई रश्मीताईंनी विचारलं.

"आमच्या डिझाइन टीमनं, मॅडम."

पेढा त्या मुलीच्या हातावर गेला. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती. तिची मांडीवरची मूठ उघडली आणि मिटली. मी पाहिलं ते.

तेवढ्यात मेधा आली, टेबलावर वाकली आणि किंचाळली, "हा बुटका! मान तिरकी! आत्याआजी, तू केलंस हे!"

ताई छताच्या पंख्याकडे बघत म्हणाली, "मला काय विचारतेस? कंपनीचं आहे ते."

मेधानं त्या ऑफिसातल्या मुलीला विचारलं, "हा काय वाजवतोय?"

"तबला... मॅडम?"

अख्खा हॉल हसला. प्रणिता तेवढी हसली नाही. तिनं ताईकडे पाहिलं आणि खाली बघून पदर सारखा करत राहिली.

त्या मुलीनं तुम्हाला फोन लावला. तुम्ही स्पीकरवर होता, साहेब, चारशे माणसांनी ऐकलं. "काम आमचं आहे. खाली कोण करतं ते आम्हाला माहीत नसतं."

रश्मीताईंच्या घरात तीन पिढ्या वकिली. त्या म्हणाल्या, "मानाचा पेढा एकदाच देतात. चूक झाली असेल तर कंपनीनं लिहून द्यावं, मी स्वतः घरी येऊन दुसरा देईन." मेधानं मात्र ताटातला एक उचलून तिथंच ताईच्या हातावर ठेवला. ताईनं तो रुमालात बांधला. "वरमायेनं द्यायचा असतो गं," म्हणाली.

आज नववा दिवस. रुमाल फ्रिजमध्ये आहे, पेढा दगड झालाय. दारावरची बेल वाजली की ताई पदर नीट करते.

शब्द ताईनं दिलाय, मी नाही. म्हणून हे पत्र मी लिहितोय. तुमच्या चकचकीत कागदावर मला एक ओळ हवी, खाली तुमची सही. कोठीवाल्याची नको, ओमकारची नको. तुमची.

साहेब, रुखवत कुणी केलं? उत्तर द्या.